राज्य, गट किंवा व्यक्ती

बुऱ्हाणपूरला रेल्वेने येणारा माणूस आधी लालबागेत उतरतो. स्टेशन तिथेच आहे. मोगलांच्या बागेचं नाव तेवढं राहिलंय, बाग गेली. नंतर ताप्ती मिल आली, तिच्याभोवती कामगारवस्ती झाली. जमिनीखालून पाणी आणणारा चारशे वर्षांपूर्वीचा कुंडी भंडाराही याच बाजूला आहे. गाडी थांबली की सोनेरी किनारीच्या पांढऱ्या टोप्या घातलेले पुरुष आणि रंगीबेरंगी रिदा पांघरलेल्या बायका सामानसुमानासह खाली उतरतात. हे दाऊदी बोहरा यात्रेकरू. यांना लोधीपुऱ्यातल्या दर्गाह-ए-हकीमीला जायचं असतं. अठराव्या शतकातल्या सय्यदी अब्दुलकादिर हकीमुद्दीन यांची ती मजार. जगभरचे बोहरा तिथे येतात.

या गावच्या बोहरा समाजातला एक वाद थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता, हे त्या गर्दीतल्या किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला समाजातली काही मंडळी शाळेच्या कारभारावरून धर्मगुरूंच्या विरोधात गेली. त्यांना वाळीत टाकण्यात आलं. बोहरा समाजात वाळीत पडणं म्हणजे नुसतं बोलणं बंद होणं नव्हे. मशीद बंद, दर्गा बंद, जमातखान्यातलं जेवण बंद. मुलामुलींची लग्नं अडतात, आणि माणूस मेला तर त्याला समाजाच्या कब्रस्तानात जागा मिळत नाही. सख्ख्या भावाने भावाशी संबंध ठेवला तर तोही गोत्यात येतो.

प्रकरण बुऱ्हाणपूरच्या कोर्टातून नागपूरला गेलं, कारण हा मुलूख तेव्हा मध्य प्रांतात होता. तिथून ते लंडनला पोचलं. ‘हसनअली विरुद्ध मन्सूरअली’ या नावाने ते कायद्याच्या पुस्तकांत आहे. प्रिव्ही कौन्सिलचा निकाल आला १९४७ च्या अखेरीस. तोवर इंग्रज इथून गेले होते, त्यांचं वरचं कोर्ट मात्र जुनी अपिलं निकाली काढत होतं. निकाल असा: समाजाबाहेर काढण्याचा अधिकार दाई-अल-मुतलक यांना, म्हणजे बोहरांच्या सर्वोच्च धर्मगुरूंना आहे, पण तो अनिर्बंध नाही, लहरीवर चालणारा नाही. ज्याला काढायचं त्याला त्याची चूक आधी सांगा, सुधारायची संधी द्या, जमातीसमोर कारण जाहीर करा, मग काय ते करा. संबंधितांच्या बाबतीत हे झालेलं नव्हतं, म्हणून तो बहिष्कार ग्राह्य धरला गेला नाही.

नंतर वर्षभराने, १० डिसेंबर १९४८ रोजी, पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा सार्वत्रिक जाहीरनामा मंजूर झाला. त्याचं शेवटचं, तिसावं कलम फारसं कोणी वाचत नाही. आधीच्या एकोणतीस कलमांत हक्क आणि कर्तव्यं सांगून झाल्यावर हे कलम बजावतं की, या जाहीरनाम्याचा आधार घेऊन इतरांचे हक्क आणि स्वातंत्र्यं नष्ट करण्याचा अधिकार कोणत्याही राज्याला, गटाला किंवा व्यक्तीला मिळतो, असा अर्थ कोणी काढू नये. राज्य, गट, व्यक्ती. हा क्रम ध्यानात ठेवावा. हक्कांच्या गैरवापराचा विषय निघाला की आपल्याकडे बोट जातं ते शेवटच्यावर: रस्ता अडवणाऱ्या मोर्चेकऱ्यावर, तोंडाळ वक्त्यावर, घोषणा देणाऱ्या पोरांवर. जाहीरनाम्याने संशयितांच्या यादीत राज्याचं नाव पहिलं घातलंय.

या कलमामागे जर्मनी आहे. वायमार प्रजासत्ताकात नाझींनी भाषणस्वातंत्र्य वापरलं, सभा घेतल्या, निवडणुका लढवल्या आणि सत्तेवर आल्यावर या सगळ्याला टाळं ठोकलं. ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. तिचा दुसरा अर्धा भाग कमी सांगितला जातो. टाळं ठोकायला त्यांनी जे हत्यार वापरलं ते राज्याच्या कोठारात आधीपासून होतं. वायमारच्या संविधानातल्या ४८ व्या कलमाने राष्ट्राध्यक्षाला आणीबाणीत मूलभूत हक्क स्थगित करण्याची मुभा दिली होती. २८ फेब्रुवारी १९३३ च्या वटहुकमाने, संसदभवनाला लागलेल्या आगीचं निमित्त करून, ते हक्क गोठवले गेले. तेव्हा सबब हीच होती: कम्युनिस्ट स्वातंत्र्याचा गैरफायदा घेताहेत.

म्हणून १९४९ च्या जर्मन मूलभूत कायद्याने १८ वं कलम घातलं ते फार जपून. जो माणूस अभिव्यक्ती, सभा, संघटना अशी स्वातंत्र्यं लोकशाही व्यवस्थेविरुद्ध लढण्यासाठी वापरेल, तो ती गमावू शकतो. पण गमावली हे ठरवणार फक्त घटनात्मक न्यायालय. मंत्री नाही, पोलीस नाही. आजवर चार जणांविरुद्ध हे कलम लावण्याची मागणी झाली आणि चारही वेळा ती फसली. हे कलम तिथे आहे पण चालवलेलं नाही, आणि माझ्या मते तेच त्याचं यश आहे.

युरोपच्या मानवी हक्क कराराने १९५० मध्ये हाच विचार सतराव्या कलमात घेतला. तिथेही शब्द तेच: राज्य, गट, व्यक्ती. शिवाय करारात जितकी मुभा आहे त्याहून जास्त हक्क छाटण्यालाही मनाई. आयर्लंडने लॉलेस नावाच्या एका माणसाला आयआरएचा म्हणून १९५७ मध्ये पाच महिने खटल्याविना डांबलं. तो स्ट्रासबर्गच्या न्यायालयात गेला, तेव्हा सरकारने सतराव्या कलमाचा हवाला दिला: हा हक्क उधळून लावणारा माणूस, याला हक्क कसले? न्यायालयाने १९६१ मध्ये उत्तर दिलं की, हे कलम माणसाला हक्कांचा वापर करून इतरांचे हक्क मोडू देत नाही इतकंच. त्यामुळे त्याचं अटकेविरुद्धचं आणि न्याय्य सुनावणीचं संरक्षण जात नाही. लॉलेस शेवटी हरला, पण आणीबाणीच्या वेगळ्या तरतुदीमुळे. सतराव्या कलमाबाबतची ही कसोटी मात्र टिकली. माणूस वाईट आहे म्हणून त्याचे सगळे हक्क जात नाहीत. जे वाईट तो एखाद्या हक्काच्या आडून करतो, तेवढ्याला त्या हक्काची ढाल मिळत नाही.

आपल्या घटनेत ‘हक्कांचा गैरवापर’ या मथळ्याचं कलम शोधून सापडणार नाही. आपण तो प्रश्न जागोजागी सोडवला. एकोणिसाव्या कलमात स्वातंत्र्यं आहेत आणि लगेच खाली त्यांच्या मर्यादा. घटना समितीत यावर टीका झाली. पोलीस शिपायाच्या नजरेतून हक्क लिहिलेत, असा सोमनाथ लाहिरींचा टोमणा प्रसिद्ध आहे. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात उत्तर दिलं ते वकिली थाटाचं, पण बिनतोड होतं. अमेरिकेत हक्क निरपवाद आहेत हा समजच चुकीचा. तिथे मर्यादा न्यायालयाने घातल्या, इथे त्या घटनेतच लिहिल्या, इतकाच फरक. आणि त्या मर्यादा ‘वाजवी’ आहेत की नाहीत हे बघणं न्यायालयाच्या हाती राहिलं.

त्या ‘वाजवी’ शब्दाची पहिली मोठी परीक्षा विडीवर झाली. मध्य प्रांत सरकारने शेतीच्या हंगामात मजूर मिळावेत म्हणून सागर जिल्ह्यातल्या काही गावांत विड्या वळायलाच बंदी केली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये चिंतामण राव खटल्यात ती उडवली. हेतू ठीक होता. पण म्हातारी, आजारी, लहान मुलं सांभाळणारी, शेतात जाऊच न शकणारी बाईदेखील या बंदीत सापडत होती. हेतूला जेवढं लागतं त्यापेक्षा जास्त कापलं तर ते वाजवी नव्हे. आज ‘प्रमाणबद्धता’ म्हणून विधी महाविद्यालयांत जे शिकवलं जातं, त्यातलं अर्धं या विडीच्या खटल्यात आहे.

आता पुन्हा गटाकडे. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये बहिष्कारबंदी कायदा केला: धर्माच्या नावाने कोणालाही समाजाबाहेर काढता येणार नाही. (बुऱ्हाणपूर मुंबई प्रांतात नव्हतं, तेव्हा जिथून हा प्रश्न लंडनला गेला तिथल्या माणसांना त्याचा काही उपयोग नव्हता.) बोहरांचे तेव्हाचे दाई सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिलं आणि ९ जानेवारी १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी कायदा रद्द केला. बहुमताचं म्हणणं, धर्माच्या कारणावरून माणसाला काढणं हा संप्रदायाच्या स्वतःचा कारभार पाहण्याच्या हक्काचा भाग आहे. एकटे पडले ते सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा. त्यांना दिसत होता तो वाळीत पडलेला माणूस. कब्रस्तान नाही, नातं नाही, व्यवहार नाही. अस्पृश्याची जी गत, तीच याची. असा माणूस तयार करण्याचा हक्क धर्मस्वातंत्र्यात मोडतच नाही.

मला सिन्हांचं म्हणणं पटतं. आकड्यांचा एक योगायोगही इथे आहे. युरोपच्या करारात सतरावं कलम गैरवापराचं, आपल्या घटनेत सतरावं कलम अस्पृश्यता नष्ट करणारं. आपलं सतरावं कलम राज्यापुरतं थांबत नाही. शेजाऱ्याला, दुकानदाराला, गावकीला, पुजाऱ्याला ते थेट लागू होतं. परंपरा पाळण्याच्या नावाखाली दुसऱ्याचं माणूसपण काढून घेता येणार नाही, हे युरोपला गॅस चेंबरनंतर उमगलं. आपल्याला ते पाणवठ्यावर उमगलं होतं. गटाने हक्काचा गैरवापर करणं म्हणजे काय, याचं आपल्याइतकं जुनं आणि खोल उदाहरण दुसऱ्या कुणाकडे असेल असं वाटत नाही.

बोहरा सुधारकांनी १९८६ मध्ये पुन्हा याचिका केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १९६२ चा निकाल फेरविचारासाठी नऊ जणांच्या पीठाकडे पाठवला. दरम्यान महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. त्यामागे जातपंचायतींच्या मनमानीविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलन समितीने चालवलेली मोहीम होती. आंतरजातीय लग्न केलं म्हणून दंड, वाळीत टाकलेल्याच्या दुकानातून काही घेतलं म्हणून दंड, असे प्रकार त्या काळात रोज पेपरात येत होते. ताप्तीच्या खालच्या अंगाला जळगाव जिल्ह्यात हा कायदा आहे. वरच्या अंगाला, बुऱ्हाणपूरला, नाही.

व्यक्तीबद्दल फार लांबण लावायची गरज नाही, कारण मराठी वाचकाला ते प्रकरण आठवत असेल. डिसेंबर १९८७ ची विलेपार्ल्याची पोटनिवडणूक. शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू निवडून आले. प्रचारात बाळासाहेब ठाकरे यांनी धर्माच्या नावाने मतं मागणारी भाषणं केली. उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये निवडणूक रद्द केली आणि ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. त्याच दिवशी, त्याच पीठाने मनोहर जोशी यांची निवडणूक मात्र वैध ठरवली. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. न्यायालय पक्षाकडे किंवा विचारसरणीकडे न बघता वाक्यांकडे बघतंय: हे मत मागणं आहे का, हे धर्माच्या नावाने आहे का, उमेदवाराच्या संमतीने आहे का. ओळ नेमकी जागेवर पडली की नाही, यावर तेव्हापासून वाद आहे, आणि तो असायलाही हवा. पुढे ठाकरे यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी काढून घेण्यात आला. जर्मनीचं अठरावं कलम जे करू शकलं नाही ते आपल्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने केलं. पण काढलं ते किती? फक्त मतदान आणि निवडणूक लढवणं, तेही ठरावीक मुदतीसाठी. भाषणं करण्यावर, पक्ष चालवण्यावर, वर्तमानपत्र काढण्यावर त्या आदेशाने बंदी आली नाही. ज्या मैदानात नियम मोडला, त्याच मैदानाबाहेर बसवलं. शिक्षा पुरेशी होती का, हा प्रश्न वेगळा. तिचा आकार योग्य होता.

राहिलं राज्य. इथे पुन्हा बुऱ्हाणपूर.

१८ जून २०१७. लंडनच्या ओव्हल मैदानावर चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताला १८० धावांनी हरवलं. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या शाहपूर पोलिसांनी मोहद गावातल्या पंधरा मुस्लिम पुरुषांना धरलं. आरोप: पाकिस्तानचा जयघोष केला, फटाके फोडले. कलम लावलं १२४-अ, राजद्रोहाचं. मोहद हे छोटं गाव. पकडलेली माणसं मोलमजुरी करणारी. दोनतीन दिवसांतच प्रकरण उसवायला लागलं. ज्याच्या नावाने तक्रार नोंदली होती, तो गावातलाच हिंदू शेजारी. तो उघड बोलला, की असं काही मी ऐकलेलंच नाही, पोलिसांनी माझं नाव वापरलं. राजद्रोहाचं कलम मागे घेतलं गेलं आणि त्या जागी १५३-अ, दोन समाजांत तेढ लावल्याचं कलम आलं. ज्याच्या समाजाविरुद्ध तेढ लावली म्हणायचं, तोच शेजारी आरोपींच्या बाजूने बोलत होता, याची पोलिसांना अडचण वाटली नाही.

माणसं जामिनावर सुटली, खटला सुटला नाही. त्यातल्या एकाने २०१९ मध्ये आत्महत्या केली. २०२३ मध्ये कोर्टाने बाकीच्यांना निर्दोष सोडलं.

क्षणभर धरून चालू की घोषणा खरंच दिल्या होत्या. तरी गुन्हा झाला असता का? राजद्रोहाच्या कलमाची ओळख मराठी माणसाला करून द्यायला नको. लोकमान्यांना १८९७ मध्ये आणि १९०८ मध्ये याच कलमाखाली शिक्षा झाली; सरकारबद्दल प्रेम नसणं म्हणजेच अप्रीती, असा अर्थ पहिल्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी लावला होता. हा इतिहास घटना समितीच्या डोळ्यांसमोर होता. म्हणून भाषणस्वातंत्र्यावर बंधन घालण्याच्या कारणांतून ‘राजद्रोह’ हा शब्द मुन्शींच्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आला. दंडसंहितेतलं कलम मात्र कोणी काढलं नाही. १९६२ मध्ये केदारनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते अरुंद करून टिकवलं: हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक शांतता बिघडवण्याचा कल असेल तरच.

आणि घोषणांबद्दल तर १९९५ चा स्पष्ट निकाल आहे. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी, इंदिरा गांधींची हत्या झाली त्याच संध्याकाळी, चंदीगडच्या नीलम सिनेमाबाहेर दोन माणसांनी खलिस्तानच्या घोषणा दिल्या. याहून नाजूक वेळ, याहून चिथावणीखोर घोषणा कल्पनेत तरी येईल का? तरीही बलवंत सिंग खटल्यात न्यायालयाने त्यांना सोडलं. एक-दोनदा दिलेल्या घोषणा; ना कोणी दाद दिली, ना कुठे गडबड झाली. उलट अशा वेळी पोलिसांनी दाखवलेल्या अतिउत्साहानेच वातावरण बिघडू शकलं असतं, असं न्यायालयाने सुनावलं. मोहदला हा निकाल बावीस वर्षं जुना होता. शाहपूर ठाण्यातल्या ठाणेदाराने सर्वोच्च न्यायालयाचे निकाल वाचलेले असावेत अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण कलम लावण्याआधी सरकारी वकिलाला एक फोन करायला कोणाची ना होती?

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजद्रोहाच्या कलमाचा वापर थांबवला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राजद्रोह हा शब्द नाही. तिथे १५२ वं कलम आहे: देशाचं सार्वभौमत्व, एकता, अखंडता धोक्यात आणणारी कृत्यं, शिक्षा जन्मठेप किंवा सात वर्षं.

गुन्ह्याचं कलम लावायचं म्हटलं तर निदान कोर्टात सिद्ध करावं लागतं. त्याहून सोपं हत्यार म्हणजे तडीपारी, मध्य प्रदेशात जिला ‘जिलाबदर’ म्हणतात. तिथे शिक्षा झालेली असण्याचीही गरज नसते. हा माणूस मोकळा फिरला तर इतरांना धोका, एवढं जिल्हाधिकाऱ्याला पटलं की पुरे. या सगळ्याचं मूळ तेच: स्वातंत्र्याचा गैरवापर रोखणं. जालन्यातल्या एका तडीपारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावलं की हा असाधारण उपाय आहे. माणसाचं घर, पोटापाण्याचा धंदा, कुटुंब सगळं तुटतं, तेव्हा तो उठसूट वापरायचा नाही.

बुऱ्हाणपूरच्या जंगलपट्ट्यात जागृत आदिवासी दलित संघटना वनहक्कांसाठी काम करते. २०२२-२३ मध्ये इथे मोठ्या प्रमाणावर बेकायदा झाडतोड झाली. संघटनेचे लोक ती थांबवा म्हणून मोर्चे काढत होते, अधिकाऱ्यांकडे बोट दाखवत होते. जानेवारी २०२४ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी संघटनेच्या एका आदिवासी कार्यकर्त्याला राज्य सुरक्षा अधिनियम, १९९० खाली वर्षभरासाठी बुऱ्हाणपूर आणि लगतच्या जिल्ह्यांतून तडीपार केलं. विभागीय आयुक्तांकडे अपील झालं, ते फेटाळलं गेलं. मग जबलपूरला उच्च न्यायालयात याचिका. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने आदेश रद्द केला आणि सरकारला ५०,००० रुपये खर्च भरायला लावला. जिल्हाधिकाऱ्यांनी कायद्याचा अर्थ समजून न घेता, राजकीय दबावाखाली असे आदेश काढू नयेत, हे त्यांना बोलावून समजावून सांगा, असं मुख्य सचिवांना कळवलं. तोवर तडीपारीचं वर्ष जवळजवळ पुरं झालं होतं.